शाळा सुटताना पोरांच्या हाती काय हवं?

अभ्यास पाठ : मासिक सभेत वाचण्यासाठी

ताईंनो,

दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं आपल्याला तोंडपाठ आहेत. नियमित सभा, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब लेखन. पुढच्या पाचांत शिक्षण येतं. शिक्षणाचा विषय निघाला की सभेत बोलणं होतं ते फी, वह्या-दप्तर आणि क्लासचं. त्यासाठी आपण कर्जही मंजूर करतो. पण एक प्रश्न राहून जातो. दहावी-बारावी होऊन पोरगं शाळेच्या बाहेर पडेल तेव्हा त्याला नेमकं काय काय यायला हवं? किती टक्के पडले ते गुणपत्रिका सांगते. घरचा, नोकरीचा, बँकेचा, आयुष्याचा व्यवहार त्याला जमेल का, हे ती सांगत नाही. तेच आज आपण बघू.

एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. जिथे ‘करून पाहा’ लिहिलंय तिथे थांबायचं.

आपल्या भागात हा प्रश्न मोठा का?

कळंबोली, रोडपाली, कामोठे, खिडुकपाडा आणि आजूबाजूची गावं पूर्वी भातशेती, मिठागरं आणि खाडीच्या मासळीवर जगत होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी जमिनी संपादित होऊ लागल्या. जमिनीला योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची योजना या लढ्यातून आली.

जमीन होती तेव्हा पोटापाण्याचं शिक्षण घरात मिळायचं. भरती-ओहोटी तिथीवरून कशी ओळखायची, राब कधी भाजायचा, मासळीचा वाटा कसा लावायचा, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे सगळं पोरं मोठ्यांच्या मागे फिरून शिकायची. शाळेने अक्षरओळख दिली तरी भागत होतं, कारण बाकीचं शिकवायला घर होतं.

आता कळंबोलीत स्टील मार्केट आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो, पलीकडे तळोजा एमआयडीसी, तिकडे उरणला बंदर, आणि २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटनही झालं. कामं दारात आली. पण ट्रक, क्रेन, गोदाम, कॉम्प्युटर यांचं शिक्षण आपल्या घरात नाही आणि शाळेच्या पुस्तकातही फारसं नाही. घर आणि शाळा यांच्या मध्ये जी फट पडली, तिच्यात आपली पोरं अडकतात. काम दारात असूनही पोरगा हेल्परच्या पुढे जात नाही, पोरगी शिकलेली असूनही एकटी बँकेत जायला घाबरते, असं अनेक घरांत ऐकू येतं. जमीन एकदा गेली ती गेली. आता पोरांना वारशात द्यायला आपल्याकडे राहिलंय ते त्यांच्या हातातलं आणि डोक्यातलं कसब.

पास होणं आणि येणं

‘प्रथम’ ही संस्था ‘असर’ नावाची पाहणी करते. २०२३ च्या पाहणीत २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांच्या गावांमध्ये १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना घरी जाऊन साधी कामं दिली. सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीचा धडा नीट वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितलं, तर शंभरातल्या साधारण ४३ जणांनाच जमलं. यातली बहुतेक मुलं शाळा-कॉलेजात नाव असलेली होती.

त्यातलं एक काम तर आपण सभेतच करू शकतो.

करून पाहा – १ : पट्टीवर पेन्सिल शून्यापासून ठेवा आणि मुलांना लांबी विचारा. मग तीच पेन्सिल सरकवून २ सेंटीमीटरच्या खुणेपासून ठेवा आणि परत विचारा. टोक ७ वर आलं असेल तर लांबी किती?

उत्तर ५. ‘असर’च्या पाहणीत शून्यापासून मोजायला सुमारे ८५ टक्के मुलांना आलं. सुरुवात सरकवली तर ३९ टक्क्यांवर आलं. म्हणजे अर्ध्याहून जास्त मुलांनी पट्टी वाचायची सवय घेतली होती, मोजणं म्हणजे काय हे कळलं नव्हतं. आपल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंना हे कुणी शिकवलं नाही, पण टेपचं टोक फाटलं असेल तर त्या दहापासून माप घेतात आणि शेवटी दहा वजा करतात. रोजच्या कामाने त्यांना ते आलं.

हा फरक लक्षात ठेवू. पास होणं वेगळं, येणं वेगळं. पोरांना पास व्हायला लावतो, तसं ‘यायला’ही लावायचं आहे.

काय काय यायला हवं? सहा गोष्टी

१) वाचून समजणं

धडा घडाघडा वाचला म्हणजे वाचता आलं असं नाही. ओआरएसच्या पुडीवर लिहिलेलं वाचून ती किती पाण्यात घालायची ते सांगता आलं पाहिजे. पुड्या लहान-मोठ्या असतात, पाणीही वेगवेगळं लागतं, म्हणून पुडीवरचंच वाचावं लागतं. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत, वीजबिलातली युनिट, भाड्याच्या करारातली अनामत रक्कम, अर्जातल्या अटी हे वाचून आपल्या शब्दांत सांगता यावं. सही करण्याआधी वाचायची सवय ही शाळेतून नेण्यासारखी सगळ्यात मोठी शिदोरी आहे.

२) व्यवहाराचं गणित

स्टील मार्केटचंच उदाहरण घ्या. सळईचं वजन काढायचा तिथला सोपा हिशोब असा : सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं. एक मीटर सळईचं वजन किलोमध्ये मिळतं. १२ एमएमची सळई असेल तर १२ गुणिले १२ म्हणजे १४४. भागिले १६२ म्हणजे सुमारे ०.८९ किलो. बाजारात सळई साधारण १२ मीटर लांब येते, म्हणजे एका सळईचं वजन १० किलो ६७० ग्रॅमच्या आसपास. अशा दहा सळयांचं वजन सुमारे १०७ किलो झालं पाहिजे. बिलावर १२० लिहिलं असेल तर विचारायला हवं. थोडा फरक मालात असतोच, पण तेरा किलोचा नसतो.

हे वर्ग आणि भागाकार पोरं शाळेतच शिकतात. घर बांधायला सळई आणली त्या दिवशी वही घेऊन पोरीला शेजारी बसवलं, तर तो धडा ती आयुष्यभर विसरणार नाही.

दुसरा हिशोब व्याजाचा.

करून पाहा – २ : दहा हजारांचं कर्ज, महिना १ टक्का, दहा हप्ते, दर महिन्याला मुद्दल एक हजार. आपल्या गटात व्याज राहिलेल्या मुद्दलावर लागतं. पहिल्या महिन्याला १००, दुसऱ्याला ९०, मग ८०, असं शेवटच्या महिन्याला १०. एकूण व्याज किती? आता बाहेरच्या एखाद्या सावकाराने तोच १ टक्का पूर्ण रकमेवर दहाही महिने लावला तर किती?

पहिलं उत्तर ५५० रुपये, दुसरं १,०००. टक्का तोच, पैसे जवळपास दुप्पट. ज्या पोराला हे कळलं, त्याला मोबाइलवरचं कर्ज देणारं कुठलंही ॲप सहज फसवू शकणार नाही.

३) हाताचं काम

बल्ब होल्डर बदलणं, नळाचा वॉशर टाकणं, सायकलचं पंक्चर काढणं, कपड्याला बटण लावणं, वरण-भात-भाकरी करणं, रोप लावून जगवणं. यात मुलगा-मुलगी भेद नको. पोरगा कामासाठी पुण्याला, नाशिकला खोली घेऊन राहिला आणि त्याला साधा भात टाकता येत नसेल, तर पगाराचा मोठा भाग मेसमध्येच जाईल. पोरीला मेन स्विच कुठे आहे आणि कधी बंद करायचा हे माहीत नसेल, तर घरात एकटी असताना ती काय करेल? विजेचं काम शिकवताना आधी मेन स्विच बंद करायचा, हा नियम पहिला.

४) कागदपत्रं, पगार आणि पैसा

शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख, जातीची नोंद आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे शाळेत असतानाच बघा. एका अक्षराचा फरक पुढे कॉलेज, जातवैधता, पासपोर्ट सगळीकडे आडवा येतो. शाळा सोडण्याआधी दुरुस्ती करणं सोपं असतं, नंतर फेऱ्या वाढतात.

पगाराची पावती वाचता यावी. पीएफ लागू असेल तर मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कामगाराची कापली जाते आणि मालकालाही तेवढीच भरावी लागते. म्हणजे ही रक्कम १२,००० असेल, तर १,४४० पोराचे आणि १,४४० मालकाचे. पीएफ खात्याला बारा आकडी यूएएन नंबर असतो आणि जमा झालेले पैसे मोबाइलवर बघता येतात. ठेकेदार कापतो पण भरत नाही असं झालं, तर हे बघणाऱ्या पोराला पहिल्याच महिन्यात कळेल. न बघणाऱ्याला काम सोडताना कळेल.

आणि एक गोष्ट पक्की सांगून ठेवा. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा माणूस फसवणारा असतो. मोठे प्रकल्प आले की असे लोकही येतात. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

५) बोलणं, विचारणं आणि नाही म्हणणं

पहिल्या सभेत आपल्यातल्या किती जणींना नाव सांगताना घाम फुटला होता ते आठवा. आज त्याच ताई बँकेच्या मॅनेजरसमोर खुर्चीत बसून बोलतात. हे धाडस पोरांना शाळेतच मिळायला हवं. ‘मला समजलं नाही, परत सांगा’ हे वाक्य ज्याला न लाजता बोलता येतं, तो कुठल्याही कामाच्या जागी शिकत जातो. सुरक्षेचा पट्टा नसताना उंचावर चढायला सांगितलं तर ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. मुलीला नको असलेल्या स्पर्शाला, नको असलेल्या लग्नाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि तिच्या ‘नाही’मागे आपण उभ्या राहिलो पाहिजे. अठराच्या आत मुलीचं लग्न कायद्याने गुन्हा आहे. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे, तो मुलांनाही पाठ हवा.

६) माणसात काम करणं आणि पडलं तर उठणं

जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्यं सांगितली आहेत. स्वतःला ओळखणं, दुसऱ्याचं दुःख समजणं, नीट बोलणं, नाती सांभाळणं, चिकित्सेने विचार करणं, नवं सुचणं, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, भावना सांभाळणं आणि ताण झेलणं. नावं मोठी वाटतात, पण एखादी ताई हप्ता भरू शकली नाही तेव्हा गट काय करतो? आधी तिचं ऐकतो, मग हिशोब बघतो, मग सगळ्या मिळून मार्ग काढतात. त्या एका सभेत या दहातली निम्मी कौशल्यं वापरली जातात.

निकालाच्या दिवशी तर याची फार गरज असते. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीतून अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा असते. आयटीआयचे काही ट्रेड आठवी पासवरही असतात. शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. दारं बरीच आहेत. पोराच्या मनातलं दार मात्र त्या दिवशी आपल्या बोलण्याने उघडतं किंवा बंद होतं.

हे शिकवतात कसं? पाबळची गोष्ट

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ हे कोरडवाहू गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस काम करता करता शिकतो आणि शाळेनेही तसंच शिकवावं, असा त्यांचा विचार होता. त्यातून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. चार विभाग : लोखंड-लाकूड-बांधकाम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, आणि गृह-आरोग्य. मुलगे आणि मुली चारही विभागांत काम करतात. शिकवणारे बऱ्याचदा गावातलेच कारागीर असतात. मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, मातीची तपासणी करतात, खाद्यपदार्थ बनवतात आणि गावाची खरी कामं मोबदला घेऊन करून देतात.

यातली ‘खरी कामं’ ही गोष्ट महत्त्वाची. वहीतलं गणित चुकलं तर लाल रेघ येते. गावातल्या माणसासाठी केलेलं स्टूल डगमगलं तर तो माणूस परत घेऊन येतो. मग माप नीट घेणं, वेळेत देणं, खर्चाचा हिशोब ठेवणं, चुकलं तर पुन्हा करून देणं हे सगळं सांगावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांनी हा विषय पुढे घेतला.

आपल्याकडे ही वाट जुनीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि गरिबाच्या पोरांना ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दिला. पोरं वसतिगृहात स्वतः राबून शिकली. त्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडलं. पनवेलचं महात्मा फुले महाविद्यालय याच संस्थेचं. आणि आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकायला पाठवावं, असं म्हटलं आहे. ते आपल्या शाळेत होतं का, हे विचारायचा पालक म्हणून आपल्याला हक्क आहे.

गटाने काय करावं?

• हिशोबाची वही : एका कोऱ्या वहीत खोट्या नावांनी गटाचा महिन्याचा व्यवहार मांडा आणि नववीच्या पुढच्या मुलांना जमा-खर्च, व्याज, शिल्लक काढायला द्या. गटाची खरी पुस्तकं सचिवांकडेच राहतील. कुठल्या ताईचं कर्ज किती हे मुलांपर्यंत जायचं कारण नाही.

• बँकेची फेरी : आपण पैसे भरायला जाताना मुलाला सोबत न्या. स्लिप त्याला भरू द्या, खिडकीवर त्यालाच बोलू द्या. आपण मागे उभं राहायचं. वेळ लागेल, लागू द्या.

• कसबाचा रविवार : महिन्यातल्या एका रविवारी गटातली किंवा गावातली जाणती व्यक्ती मुलांना एक काम शिकवेल. शिवण, नळ, वायरिंग, पापड-मसाला, रोपवाटिका. आपल्यातल्या मासळी विकणाऱ्या मावशींकडूनही तोंडी हिशोब शिकण्यासारखा आहे.

• शाळेत प्रश्न : शाळा व्यवस्थापन समितीत आपली एक तरी ताई असावी. मुख्याध्यापकांना आदराने विचारावं, दप्तराविना दिवस कधी आहेत? आम्ही कारागीर सुचवू का?

• दाखल्याची तपासणी : आठवी-नववीतल्या प्रत्येक मुलाच्या शाळेतल्या नोंदी आणि आधार या वर्षीच एकदा जुळवून बघा.

एक अडचण येणार हे धरून चाला. घरातून कुणीतरी म्हणेल, ‘अभ्यास सोडून हे काय धंदे?’ तेव्हा सळईचा हिशोब त्यांच्यासमोर मुलीकडून करून घ्या. दुसरी अडचण आपलीच. पोराला काम दिलं की आपल्याला राहवत नाही, आपण हातातून घेऊन पटकन करून टाकतो. भाकरी वाकडी झाली तरी होऊ द्यायची. आपल्याला तरी पहिल्या वर्षी इतिवृत्त कुठे नीट लिहिता येत होतं? लिहीत गेलो म्हणून आलं.

सभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी या सहांपैकी कशात पक्की आहे? कशात कच्ची?
२. मुलाला सांगतो पण मुलीला सांगत नाही, किंवा मुलीला सांगतो पण मुलाला सांगत नाही, अशी कोणती कामं आपल्या घरात आहेत?
३. गटात आल्यावर आपण स्वतः कोणती गोष्ट नव्याने शिकलो? ती कशी आली, ऐकून की करून?
४. कसबाच्या रविवारी आपल्यातली कोण काय शिकवेल? नावं आणि तारीख आत्ताच इतिवृत्तात लिहा.

पुढच्या सभेपर्यंत

प्रत्येकीने घरातल्या एका मुलाकडून किंवा मुलीकडून तीन गोष्टी करून घ्यायच्या : सरकवलेल्या पेन्सिलचं माप, वीजबिल वाचून त्यातली युनिट आणि मुदत सांगणं, आणि एका वेळचा साधा स्वयंपाक. जमलं तर ‘जमलं’, नाही जमलं तर ‘अजून शिकतोय’ असं वहीत लिहायचं. ‘नापास’ हा शब्द लिहायचा नाही. पुढच्या सभेत बचत गोळा झाली की आधी याच नोंदी वाचू.